एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्नचा पाढा

गणितात एम.एस्सी. केल्यावर मुलीला काय मिळतं, तर गारगोटीकडचे पावणे. कोल्हापुरातल्या आमच्या घरी एका रविवारी ते पाच जण आले: मुलगा, त्याचे आईवडील, मामा आणि मामांचा मोबाइल. मुलगा इंजिनियर होता. बोलायचं काम त्यानं मामांवर सोपवलं होतं.

मामांनी माझ्या वडिलांना विचारलं, "पोरगी गणित शिकलीया म्हणं. पाढे येत्यात न्हवं?"

इतकी वर्षं शिकल्यावर अखेर कुणीतरी माझी योग्यता ओळखली होती.

"येतात की," मी म्हणाले.

"मग म्हण एकोणतीसचा."

"तो सगळ्यांनाच येतो. मी एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्नचा म्हणते. कुणीतरी लिहून घ्या."

आईनं डोळे वटारले. मुलाची आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं पर्समधून पेन काढलं आणि माझाच बायोडेटा उलटा केला.

१,४२,८५७. दुप्पट २,८५,७१४. तिप्पट ४,२८,५७१. तिथं पेन थांबलं.

"अगं, तेच आकडे हायत की! नुसतं जागा बदलत्यात!"

चौपट, पाचपट, सहापटीलाही तेच सहा आकडे त्याच क्रमानं फिरले. सातानं मुलाच्या आईनं स्वतःच गुणलं, हातचे पुटपुटत. सगळे नऊ आले. ९,९९,९९९.

"आगं बया!"

मामांनी मोबाइलवर दोनदा पडताळून पाहिलं आणि मोबाइल चुकत नसल्याचं मान्य केलं. मुलगा पोहे संपवत होता.

आठवड्यानं निरोप आला: मुलगी जरा जास्तच हुशार आहे. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खोटं कशाला सांगू, मलाही लागलं. नकार द्यायचा मान माझा होता, तो पोहे खाणाऱ्यानं पळवला.

मग एका दुपारी फोन आला. मुलाची आई होती.

"पोरी, त्या आकड्याला आठानं गुणलं की बिघडतंय बघ. अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न येतंय."

"पहिला एक उचला आणि शेवटच्या सहात मिळवा."

पलीकडं पेन सरकल्याचा आवाज आला. "सत्तावन्न! परत आला की गं! पन असं हुतंय कशानं?"

मी त्यांना एकाला सातानं भागायला सांगितलं. प्रत्येक पायरीला उरणारी बाकी बघा म्हटलं. एक ते सहा सगळ्या बाक्या पाळीपाळीनं येतात, आणि पुन्हा एक आला की तेच आकडे नव्यानं सुरू होतात. मी कॉलेजात शिकवते त्या विद्यार्थ्यांच्या आधी त्यांना ते समजलं. त्यांची शाळा सातवीत सुटली होती; हुशारीचा हा त्रास त्यांच्या घरच्यांनी वेळीच ओळखला असणार.

तेव्हापासून डेअरीला दूध घालून आल्या की त्या फोन करतात. परवा सतरानं भागायला घेतलं होतं. सोळा आकडे झाल्यावर चक्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्या फोनवर ओरडल्याच.

मुलाचं लग्न ठरलंय. पत्रिका द्यायला त्या स्वतः आमच्याकडे आल्या, तासभर भागाकार केले आणि पत्रिका तशीच घेऊन परत गेल्या.