आमचे घरमालक आणि मुका सिनेमा

जगातली प्रत्येक वस्तू सैल आहे, असं मानून जगणारा माणूस म्हणजे आमचे भूगावचे घरमालक. पिरंगुटच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढली, पण निवृत्तीनंतरही काकांच्या हातातला पाना सुटला नाही. दारांच्या बिजागऱ्या, स्कूटरचे आरसे, झोपाळ्याच्या कड्या, दिसेल ते आवळायचे. आमच्या मोरीतला नळ एकदा असा आवळला, की आठ दिवस आंघोळीआधी त्यांनाच बोलवावं लागे. तेही हाक मारून भागत नसे, जाऊन खांद्याला हात लावावा लागे. टाकी गळते म्हटलं, की "व्हय, व्हय" म्हणत प्रसन्न हसायचे आणि निघून जायचे. घरमालकी डोक्यात गेलीय, असं मी मनात म्हणे.

वर्षातून एकदाच पाना देव्हाऱ्यात जाई. खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा कारखान्यातला नेम. त्या दुपारी खिडक्या लावून, भिंतीवर चादर टांगून ते सगळ्या भाडेकरूंना एक जुना मुका सिनेमा दाखवत. यंत्रापुढे तारांबळ उडणाऱ्या कामगाराची गंमत. माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहून म्हणत, "बटन तूच दाब. पाप तुला." त्यातल्या मुकादमात मला माझा हिंजवडीचा साहेब दिसे, शेजारच्या बिहारी सुताराला त्याचा ठेकेदार. सगळे हसायचो, पण काका सगळ्यांच्या आधी. मधेच ओरडायचे, "आरं, सायेब आला मागनं, हात चालव."

एका वर्षी मला नको ते शहाणपण सुचलं. त्याच सिनेमाला कुणीतरी मराठी बोलणं जोडलं होतं, ते मी लावलं. आता सगळा विनोद बोलण्यात होता. आम्ही मराठी मंडळी पोट धरून हसत होतो. काका आधी आमच्या तोंडाकडे बघत आणि मग हसत. थोड्या वेळाने तेही थांबलं. ते उठले आणि नेम मोडून त्यांनी स्वतःच लॅपटॉप मिटला.

स्वयंपाकघरात काकू हळूच म्हणाल्या, "प्रेसवर कान गेलं त्येंचं. कुनाला सांगू देत न्हाईत. टीव्हीम्होरं बसत्यात, समदी हसली की हसत्यात. ह्यो एकच शिनेमा हाय, पोरा, जितं त्ये समद्यांच्या आदी हसत्यात." टाकीवरून मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला फार लाज वाटली.

आता मी बावधनला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. नळ एका बोटाने फिरतात आणि मला करमत नाही. खंडेनवमीला मात्र भूगावला जातो, आवाज बंद करतो आणि बटण दाबतो. कुठे हसायचं ते आता मला पाठ आहे. तरी काका हसेपर्यंत मी थांबतो.