ग्लायकोप्रोटीन आणि करडईचं तेल

मी माझी अक्कल कुठे कुठे पाजळली, ते विचारूच नका. पण पाथर्डीला आत्याकडे जे करून ठेवलं, त्याला तोड नाही. ऐका. पण चहा आधी संपवा, उगाच ठसका लागेल.

पुण्यात पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. विषय काय, तर हर्पिस जातीचे विषाणू आणि त्यांच्या अंगावरची ग्लायकोप्रोटीनं. केडगावला आमच्या घरात हे एकालाही कळलं नव्हतं. आत्या मात्र दर फोनवर विचारायची, "तुझे इषाणू बरे हायेत ना?" इतक्या मायेनं माझ्या कामाची चौकशी पुढे कुणीच केली नाही.

तर त्या उन्हाळ्यात आत्याच्या कमरेला नागीण उठली. नागीण म्हणजे हर्पिसच की! मी पहिल्या एसटीनं हजर. यात गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात. उशीर झाला तर फोड जातात, पण कंबर महिनोन्महिने ठणकत राहते. आणि आत्या गेरूचा लेप थापून निवांत बसलेली. दवाखान्याचं नाव काढू देईना.

"आधी हाय काय ते नीट सांग. मग बघू," म्हणाली.

झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा विषय आपणहून विचारत होतं. मी ओढणी खोचली.

"आत्या, बांधावरून जाताना लुगड्याला कुसळं चिकटतात ना? तशी या विषाणूच्या अंगावर बारीक कुसळं असतात. प्रथिनांची, वर साखर लागलेली. ती आधी आपल्या पेशीला चिकटतात, मग विषाणू आत शिरतो. चिकटलीच नाहीत तर तो बाहेरच."

"म्हंजी चिकटू द्यायचं न्हाई."

"अगदी बरोबर!"

मी इतकी खूश झाले, की मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली. हा पाहुणा लहानपणीच कांजिण्यांबरोबर आत शिरलेला असतो. इतकी वर्षं नसांमध्ये झोपून होता, तो आता जागा झालाय. ते राहिलं, आणि मी जेवून ताणून दिली.

उठून बघते तर घर चकाकतंय. आत्यानं करडईच्या तेलाचा डबा काढला होता. स्वतःचे हातपाय, दाराची कडी, बाज, उंबरा, आणि आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, नखशिखान्त. शेळीसुद्धा सुटली नव्हती.

"आत्या, हे काय?"

"तेलावर कुसाळ चिकटत न्हाई. तूच सांगितलं न्हवं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा उंबऱ्यावरून अंगणात गेले. चालत नाही, घसरत. आणि तिथेच कंबर धरून बसले.

जीप बोलावली. शेजाऱ्यांनी उचलावं आणि मामांनी हातातून निसटावं, असं बराच वेळ चाललं. पण मामा जीपमध्ये बसल्याबरोबर आत्याही मुकाट्यानं शेजारी बसली. नवऱ्याला एकट्याला कशी सोडेल? माझ्या विद्येला जे जमलं नाही, ते उंबऱ्यानं केलं.

डॉक्टरांनी मामांचं हाड शाबूत असल्याचं सांगितलं. मग आत्याची नागीण बघितली. "वेळेत आलात, मावशी," म्हणत गोळ्या लिहायला घेतल्या, तर तेलकट बोटांतून पेनच सटकलं.

"हे तेल कुणी लावायला सांगितलं?"

"ही माझी भाची," आत्या म्हणाली. "पुन्यात ह्याच्यावरच डॉक्टर होनार हाय."

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा तेव्हाचा तो फुललेला चेहरा मात्र अजून आठवतो.

डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत्याला म्हणाले, "मावशी, गोळ्या वेळेवर घ्या. आणि बरं वाटेपर्यंत हिला काही विचारू नका."