उन्हात घातलेल्या तबकड्या

वन्संनी मला तबकड्या उन्हात घालायला सांगितलंच नव्हतं.

आज सकाळी वन्सं गेल्या. वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. नव्वदीला टेकल्या होत्या, त्यामुळे "अचानक" वगैरे लिहीत नाही. पण एक खोटं आमच्या घरात साठ वर्षं सुखानं नांदतंय, ते आज मोडते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तळ्याजवळच्या आमच्या गावात वीज नव्हती.

पण वन्संकडे चावीचा ग्रामोफोन होता. आणि अकरा तबकड्या.

वन्सं शाळेत मास्तरीण होत्या, लग्न केलं नव्हतं. दर दिवाळीला स्वतःच्या पगारातून एक तबकडी मागवायच्या. आमचे हे मुंबईला नोकरीला. ते ती माणगावला एसटी बदलून, मांडीवर तान्ह्या पोरासारखी सांभाळत आणायचे.

रविवारी दुपारची भांडी झाली की वन्संची हाक यायची. "सुमन, ये गो. ऐक आणि मत दे."

मत! मला तोवर कुणी आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा मी घाबरत म्हटलं, "छान आहे."

"छान म्हणजे काय? छान तर सारवलेलं अंगणही असतं. नीट सांग."

मग मी सांगायला लागले, ती अजून थांबले नाही. घरच्यांना विचारा.

नाटकातल्या पदाबद्दल माझं मत: गवई उत्तम, पण एकाच ओळीत अडकतो. तबकडी संपते म्हणून बिचारा सुटतो.

सिनेमातलं द्वंद्वगीत: तो तिची इतकी मनधरणी करतो की मी असते तर पहिल्याच कडव्यात हो म्हणून स्वयंपाकाला लागले असते.

लावणी: सासूबाई "बंद कर ते" म्हणायच्या आणि पायानं ताल धरायच्या. आणखी काय सांगू?

आणि एक अंगाई होती. वन्संची सगळ्यांत लाडकी.

माझा सासरचा पहिलाच पावसाळा संपला. आपल्याकडे तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. गोधड्या, पुस्तकं, चपला, सगळ्याला बुरशी. दसऱ्याच्या सुमारास ऊन तापलं की अख्खं घर अंगणात.

वन्सं शाळेत होत्या. मला त्यांच्या तबकड्यांवर पांढरी बुरशी दिसली.

जीव कळवळला हो! अकराच्या अकरा बाहेर काढल्या, पदरानं पुसल्या आणि वालांच्या शेजारी सुपांवर मांडून ठेवल्या.

दुपारी जाऊन बघते तर वाल होते तसेच, आणि तबकड्या मऊ पडलेल्या. अंगाईची तर सुपाच्या काठावरून पोळीसारखी लोंबत होती.

सासूबाईंना मी तशीही पसंत नव्हते. वन्सं अंगणात शिरताच त्यांनी तोंड सोडलं.

"बघ गो, तुझ्या भावजयीनं काय केलंन! समदी गाणी भाजून ठेवलीन. ही पोर कामाची न्हाय. उद्याच धाडा माहेरी."

त्या नुसतं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. माहेरी माझे वडील नव्हते, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले असते तर तिघींचंही नशीब बुडालं असतं.

वन्संनी अंगाई उचलली. वाकलेली कड बोटानं चाचपली. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मग म्हणाल्या, "आई, मीच सांगून गेले होते तिला. ऊन दाखव म्हणून."

"तू? एवढी शिकलेली?"

"व्हय. चुकलं माझं."

मागच्या पडवीत मी हुंदके देत विचारलं, "वन्सं, खोटं का बोललात?"

"तबकड्या परत आणता येतील. भावजयही दुसरी येईल एखादी. पण ती मत देईल कशावरून?" आणि डोळे पुसून म्हणाल्या, "रडणं आवर. उन्हानं वाकल्यात, उन्हानंच सरळ करू."

आम्ही देवांच्या तसबिरींच्या काचा काढल्या. दोन काचांमध्ये एक तबकडी, वर तांदळाची पिशवी, थोडा वेळ ऊन, मग सावली. आठ दिवस हाच उद्योग.

सासूबाई ओरडल्या, "देव उघडे पडले गो!"

वन्सं म्हणाल्या, "हवा खातायत, आई."

नऊ सरळ झाल्या. एक तडकली. आणि अंगाई शेवटपर्यंत वाकडीच राहिली.

ती लावली की मांडव्याच्या लाँचमध्ये बसल्यासारखं होतं. आवाज वर जातो, खाली येतो. माझी दोन्ही मुलं त्यावरच झोपली.

मध्यंतरी नातवानं मोबाइलवर लावून दिली. "आजी, ही ओरिजिनल ऐक."

ऐकली. माझं मत: बाई गाते चांगली, पण झोका देत नाही.

आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी हटकून सांगतं, "मास्तरीणबाईंनी गाणी वाळत घालायला लावली होती!" सगळे हसतात. वन्संही हसायच्या. आणि मीही हसायचे, हे लिहिताना लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांना म्हटलं, "आता खरं सांगून टाकते सगळ्यांना."

"मी गेल्यावर सांग. तोवर राहू दे माझ्याच नावावर. सवय झालीय."

तर फॅमिली ग्रुपवरच्या सगळ्यांनो, वाचा. तबकड्या मी वाळत घातल्या होत्या. यापुढे हसायचं तर मला हसा.

मी या घरात राहिले ती त्यांच्या त्या एका वाक्यामुळे. तुम्ही सगळे आहात तेसुद्धा त्यामुळेच.

वन्सं, तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आज सगळ्यांसमोर म्हणते. भावजयीची ही श्रद्धांजली गोड मानून घ्या.

तुमची अंगाई लावलीय. चावी पुरती दिलीय.

झोपा आता.