मामीनं न घेतलेलं नाव

माझ्या डोंबिवलीच्या मामीनं जितक्यांची तोंडं बंद केली आहेत, तितकी ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसऱ्या कोणी केली नसतील. तिच्या तडाख्यातून यंत्रंही सुटत नाहीत. बिल्डिंगच्या लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणाली, की मामी तिला सुनावते, "करतेय ना! हातात पिशव्या आहेत, दिसत नाही का?" अशी ही तोंडाळ बाई एका बाबतीत मात्र मुकी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण मामाचं नाव तिनं कधी घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी अडून बसल्या, की ही डोळे मिटायची आणि म्हणायची, "घेतलं मनात. द्या आता वाण." एकदा ठाण्यात लग्नाच्या हॉलमध्ये मामा हरवला. माइकवाल्यानं नाव विचारलं, तर ही म्हणते, "डोंबिवलीचे, चष्मा असलेले." त्या बिचाऱ्यानं तसंच पुकारलं. निम्मा हॉल उठून स्टेजकडे निघाला! मामा तेवढा आला नाही. तो जिलबीपाशी होता.

तर या मामीचं तोंड एका सकाळी मामाला झापता झापता वाकडं झालं. जीभ अडखळली, उजवा हात लटकून पडला. मामानं तिला तडक जवळच्या हॉस्पिटलात नेलं. मी ठाण्यातल्या बाळकुमहून पोचतोय तोवर मेंदूचा स्कॅन कॉम्प्युटरनं आपला आपण वाचून, गुठळी कुठे अडकलीय ते मोठ्या डॉक्टरांच्या मोबाइलवर कळवलंसुद्धा होतं. डॉक्टर ठाण्यात, मामी डोंबिवलीत! मी हबकलोच. वेळेत इंजेक्शन मिळालं म्हणून मामी वाचली.

हात सुधारला, शब्दही एकेक करून परतले. घरी सरावाला हॉस्पिटलनं एक टॅब दिला. तो फोटो दाखवून 'हे कोण?' विचारायचा, उत्तर ऐकून बरोबर-चूक ठरवायचा आणि परस्पर हॉस्पिटलला कळवायचा. मामी त्याच्यावरही खेकसायची, "दम धर की मेल्या!" आम्हाला केवढा आनंद व्हायचा ते ऐकून.

आणि एक दिवस मला हॉस्पिटलातून बोलण्याचा सराव घेणाऱ्या मॅडमचा फोन. "पेशंट मिस्टरांना ओळखत नाहीयेत असं टॅब सांगतोय. पुन्हा स्कॅन करावा लागेल." माझं धाबं दणाणलं. धावतपळत डोंबिवली गाठली, टॅब सुरू केला. माझा फोटो आला, मामीनं नाव सांगितलं. तिच्या लेकीचं सांगितलं. मग मामाचा आला. "हे," मामी म्हणाली. टॅब म्हणाला, "नाव सांगा." मामी म्हणाली, "अहो." लाल फुली!

मी पोट धरून हसलो. लगेच मॅडमना फोन लावला. "अहो, ती जन्मात कधी त्यांचं नाव घेत नाही! तुमच्या यंत्राला काय माहीत आमची मामी?" त्याही हसल्या, "मग तो फोटोच काढून टाकू," म्हणाल्या. "अक्कल नाही मेल्याला," मामी टॅबकडे बघून म्हणाली.

मामा मात्र हसत नव्हता. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "घेऊ नकोस गं," तो म्हणाला. "पण तुला आठवतंय ना?"

मामी पदराशी चाळा करत राहिली आणि मग तिचे डोळे भरून आले. "नाही हो सापडत," ती म्हणाली. "कितीदा शोधलं."

आम्ही ज्याला मूर्खात काढलं, त्या टॅबचंच खरं होतं! मामी एवढे दिवस एकटीच हे घेऊन बसली होती, आणि मी खदाखदा हसत होतो. गॅलरीत जाऊन मी मॅडमना पुन्हा फोन केला, सगळं सांगितलं आणि तो फोटो राहू द्या म्हटलं.

दुसरा स्कॅन झाला. नवीन काही निघालं नाही. पहिल्या झटक्यातच ते नाव गेलं होतं.

आता रोज सकाळी चहा झाला, की मामा तिच्या कानाशी वाकून स्वतःचं नाव सांगतो. ती नीट ऐकून घेते, मान हलवते. उच्चारत मात्र नाही. घ्यायचं नाही म्हणून, की अजून येत नाही म्हणून, हे तिला विचारायचा धीर आमच्यापैकी कोणाला होत नाही.