देवेश रावलचा बॅनर

देवासला बसस्टँडच्या मागे भगवंतराव शितोळ्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, भागवत सप्ताह, निवडणूक, तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेचा उठावणा, सगळ्याचे बॅनर तिथूनच निघतात. कॉम्प्युटरवर त्यांची बायको अल्पना बसते, मशीन ते स्वतः सांभाळतात. माणूस शांत. गिऱ्हाइकानं चार चुका लिहून आणल्या तरी मुकाट्यानं सुधारून देणारा.

वेड एकच, हॉकीचं. त्यातही देशाच्या संघातला देवेश रावल. एकदा इंदूरला त्याचा सामना बघायला गेले होते. समोरचा गोलकीपर गुडघा धरून पडला, गोल सताड उघडा, आणि देवेशनं स्टिक खाली टेकवून पंचाकडे हात केला. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की अल्पनालाही पाठ झालं होतं.

तो देवेश मार्चमधल्या एका सकाळी मैदानावर मुलांना शिकवता शिकवता कोसळला आणि गेला. वय चाळीस. मोबाइलवर बातमी वाचली तशी भगवंतरावांनी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. चहा तसाच निवला.

अकराच्या सुमारास भूपेंद्र आला. मोहल्ल्यातला होऊ घातलेला पुढारी, घरी मराठी, पण तोंडात सदा हिंदी. "भिया, श्रद्धांजली का बॅनर है. शाम तक लगना चाहिए."

अल्पनानं पेनड्राइव्ह उघडला. वर हात जोडलेले सात नेते, मध्ये हसरा भूपेंद्र, आणि देवेश खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा.

भगवंतराव बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यात मेलंय कोण?"

"ऐसा मत बोलो, भिया. अपना हीरो था वो."

हीरो म्हटल्यावर त्यांचं टाळकंच सरकलं. "आठ वर्षांपूर्वी त्याचा पेनल्टी स्ट्रोक हुकला, आपण सेमीफायनल हरलो. तेव्हा ह्याच खुर्चीवर बसून तू त्याच्या फोटोवर 'गद्दार' लिहून घेतलंस. चौकात तो बॅनर जाळून नाचलात. तेव्हा कोणाचा होता तो?"

भूपेंद्र थंडपणे म्हणाला, "और छापा किसने था?"

अल्पनानं मान खाली घातली.

"मी छापला," भगवंतराव म्हणाले. "मीही भडकलो होतो. शब्द तुझे, पण फोटोतल्या त्याच्या गळ्यातली चपलांची माळ मी मोठी करून दिली. पुढं किती वेळा वाटलं, त्याला चिठ्ठी लिहावी, माफी मागावी. नाही लिहिली. आता कुणाला लिहू? पण तुझं थोबाड त्याच्या डोक्यावर मी चढवणार नाही. उचल तो पेनड्राइव्ह."

भूपेंद्र खांदे उडवून गेला. अल्पना हळूच म्हणाली, "अहो, एवढं लावून घेऊ नका. तो तर तुम्हाला ओळखतही नव्हता."

"मी ओळखत होतो ना."

चार वाजता चौकात बॅनर लागला, दुसऱ्या दुकानात छापलेला. भगवंतराव रस्त्याच्या ह्या कडेनं वाचत होते. खाली नाव होतं, 'देवेश रावत'. गद्दार लिहिताना भूपेंद्रनं काना-मात्रा तपासून घेतली होती. आज बॅनरवरच्या आठ जणांत एकालाही मेलेल्याचं नाव बघावंसं वाटलं नाही.

ते परत दुकानात आले, काळ्या स्टिकरमधून 'ल' कापला आणि शिडी खांद्यावर घेऊन चौकात गेले. तिथं फुलं ठेवून फोटो काढायची तयारी चालली होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही. शिडी लावली, वर चढले.

"भिया, उतरो, फोटो में आ रहे हो," भूपेंद्र खालून ओरडला.

त्यांनी 'त'वर 'ल' बसवला, अंगठ्यानं दाबून हवा काढली, कडा पुन्हा चेपल्या. मग सावकाश उतरून भूपेंद्रसमोर उभे राहिले.

"आधी नाव वाच. मोठ्यानं. मग जोड हात."

भूपेंद्रनं इकडेतिकडे पाहिलं. माणसं थांबली होती. त्यानं पुटपुटत नाव वाचलं. भगवंतरावांनी शिडी उचलली आणि चालू लागले.