खडूची रेघ

आवडी हे आमचं तमिळ मुलखातलं गाव. इथे आमच्या गल्लीत रस्ता दुरुस्त करत नाहीत, चढवतात. जुना थर खरवडायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावरच नवा ओततात. घर बांधलं तेव्हा आम्ही दोन पायऱ्या चढून अंगणात यायचो, आता एक उतरून येतो. यंदाचा थर इतका जाड की आमचं लोखंडी गेट रस्त्यावर घासून अडकलं. रस्ता करणाऱ्यांशी मी भांड भांड भांडलो, ते हसून निघून गेले. शेवटी बायको म्हणाली की भांडण पुरे, गेट खालून दोन इंच कापून घ्या.

म्हणजे रस्ता त्यांनी बिघडवायचा आणि गेट मी कापायचं. त्या दिवशी मी सकाळपासूनच तापलेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

वेल्डर आला तो पंचेचाळिशीचा, अबोल माणूस. आम्ही दोघांनी गेट बिजागऱ्यांवरून उचललं आणि अंगणात विटांवर आडवं ठेवलं. खिशातून खडू काढून त्याने माझ्या हातात दिला आणि कुठे कापायचं ती रेघ मलाच मारायला सांगितली. मला बरं वाटलं. गळ्यात दोरीने अडकवलेला वाचायचा चष्मा मी डोळ्यांवर चढवला, पट्टी धरून सगळ्या गजांवर एक बारीक, सरळ रेघ मारली.

मग त्याने पिशवीतून हँड ग्राइंडर काढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनला गार्ड नव्हता.

मी निवृत्त झालो तो कारखान्याच्या प्रशिक्षण शेडमधून. आयुष्यभर मी पोरांना हेच मशीन धरायला शिकवलं. कापायचं चाक बिस्किटाहून पातळ असतं आणि मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्याला तडा गेला किंवा ते फटीत आवळलं गेलं, तर त्याचा तुकडा कुठे जाईल हे देवालाही सांगता येत नाही. गार्ड म्हणजे चाकाची एक बाजू झाकणारी पत्र्याची टोपी. तो तुकडा ती अंगावर घेते, म्हणजे तुमच्या तोंडाला घ्यावा लागत नाही. माझ्या शेडमध्ये नियम एकच होता, गार्ड काढला की बाहेर.

गार्ड कुठाय, असं मी विचारलं. तो म्हणाला की गार्ड लावला की रेघ दिसत नाही. हे कारण मी शेकडो वेळा ऐकलेलं. मग माझी गाडी सुटली. पायात रबरी चप्पल का, डोळ्यांवर कामाच्या सुरक्षा गॉगलऐवजी बाजारातला काळा चष्मा का, प्लग न लावता उघड्या वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये का खुपसल्या, सगळं काढलं. घरातून प्लग आणून मीच वायरीला बसवला. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने पिशवीच्या तळातून गार्ड काढला. अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता, नवाकोरा. तो बसवून त्याने कापायला सुरुवात केली.

पहिला गज रेघेपासून बोटभर अंतरावर कापला गेला. दुसरा तिरका. तिसऱ्यापाशी तो थांबला, प्लग काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा गार्ड सोडवू लागला. पालथ्या घड्यावर पाणी. मी मशीन त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. वीस वर्षं हे काम करतोस आणि एक रेघ धरता येत नाही, असं काहीबाही बोललो. चांगलं बोललो नाही. गार्ड मी घट्ट आवळला आणि प्लग परत लावला.

“सार, आधी वेष्टी बदलून या,” तो म्हणाला.

मी घरी असतो तसा पांढऱ्या सुती वेष्टीत होतो, म्हणजे लुंगीसारख्या गुंडाळायच्या धोतरात, ती अर्धी वर दुमडून कमरेला खोचलेली. रागावलेल्या हातात मशीन घ्यायचं नाही आणि अंगावर सैल कपडा नको, ही दोन वाक्यं मी पोरांकडून पाठ करून घेत असे. पण त्या क्षणी मला कोणी शिकवावं हेच मला सहन होईना. मी बटण पुढे सरकवलं.

एक गज नीट कापला. दुसऱ्याला पाय बदलताना खोचलेली वेष्टी सुटली आणि चाकाने तिची कड ओढली. कापड गरगर गुंडाळत मशीन माझ्या मांडीकडे चढू लागलं. ते बटण असं की एकदा पुढे सरकवलं की हात सोडला तरी मशीन चालूच राहतं. मला ते सापडेना. मग एकदम सगळं थांबलं. वेल्डरने झेप घेऊन प्लग ओढला होता. चाक माझ्या मांडीपासून दोन बोटांवर होतं.

बायको दारातून सगळं पाहत होती. ती आमच्या तंजावरी मराठीत एवढंच बोलली, “लोकांला एक सांगतां, आपण एक करतां. जा, पँट घालून या.”

पँट घालून आलो तेव्हा माझा चष्मा वेल्डरच्या हातात होता. धडपडीत दोरी तुटून तो पडला होता. त्याने काचा शर्टाने पुसल्या, तडा गेलाय का बघायला स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि सहज गेटकडे पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला. खडूच्या रेघेवरून त्याने हळूच बोट फिरवलं.

“सार, रेघ एवढी बारीक आहे होय?”

मग तोच सांगत गेला. दोन वर्षं झाली, जवळचं सगळं पुसट दिसतं. गार्ड काढला की चाक लोखंडाला कुठे टेकतं ते निदान ठिणगीवरून कळतं. चष्मा का करत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला की चष्मा दिसला की बांधकामावर कामं देणारे मेस्त्री ‘म्हातारा झालास’ म्हणतात आणि काम दुसऱ्याला देतात. रेघ मारायला खडू माझ्या हातात का दिला होता, ते मला तेव्हा समजलं. मी मेला त्याला मान समजलो होतो.

शेडमधला एक जण आठवला. बरीच वर्षं बाहेर काम करून दाखल्यासाठी आलेला, चाळिशी उलटलेला माणूस. परीक्षेच्या दिवशी त्याने गार्ड काढला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढला. तोही असाच मान खाली घालून उभा होता. गार्ड काढू नकोस हे मी त्याला ओरडून सांगितलं, पण तुला रेघ का दिसत नाही हे विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकालाही विचारलं नाही. माझा मलाच इतका राग आला की मी उठून आत गेलो.

कपाटात कारखान्यातला जुना गॉगल होता, चष्म्यावरून बसणारा. तो आणून दिला. माझा चष्मा, त्यावर गॉगल, मशीनला गार्ड, अशा थाटात त्याने उरलेले गज कापले. रेघ तसूभर सोडली नाही. मी पायरीवर पेपर घेऊन बसलो होतो, पण चष्म्यावाचून मला ठळक मथळासुद्धा लागत नव्हता.

गेट चढवलं, मोकळं उघडलं. चष्मा आणि गॉगल मी त्याच्याकडेच ठेवायला लावले. डोळे तपासून स्वतःच्या नंबरचा चष्मा कर, असंही बजावलं. तो हो म्हणाला आणि सायकलवर पिशवी अडकवून निघाला.

गल्लीच्या टोकाला नवं घर उठतंय. तिथला मेस्त्री बाहेरच उभा होता. त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी वेल्डरने चष्मा काढला आणि खिशात घातला. मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं कोणावर, ते मला कळेना.