डबीची पातळी

"सायब, कॉट खाली गेली. डबी वरच राहिली," गौतम म्हणाला.

मी फाईलमध्ये लिहीत होतो. मान वर केली नाही.

परभणीतल्या एका खासगी हॉस्पिटलचा आयसीयू मी बघतो. कॉटवर गौतमचा धाकटा भाऊ राहुल होता. दोघे पेडगावचे गवंडी. आदल्या दिवशी राहुल परांचीवरून कॉलमच्या उभ्या सळईवर पडला. सळई भुवईच्या वरून मेंदूत गेली. सगळे ओढा म्हणत असताना गौतमने ती ओढू दिली नाही. खालून कटरने कापली आणि बाहेरचा तुकडा हलू न देता भावाला आणलं. अगदी बरोबर केलं. घुसलेली वस्तूच कधीकधी फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरते. ती थिएटरमध्येच काढायची असते.

सर्जननी सळई काढली आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत बारीक नळी ठेवली. जास्तीचं पाणी तिच्यातून थेंब थेंब बाहेर येतं आणि कवटीतलं प्रेशरही कळतं. कवटी ताणली जात नाही. आत सूज आली की मेंदू चेपला जातो. प्रेशर वीसच्या वर राहायला लागलं की आमची धावपळ सुरू होते. ते मोजणारी डबी स्टँडला बांधलेली असते, बरोबर पेशंटच्या कानाच्या पातळीत. डबी वर राहिली तर आकडा कमी दिसतो.

दुपारी एक्स-रेसाठी सिस्टरनी कॉट आठेक बोटं खाली घेतली होती. त्यानंतर मॉनिटरवर अठराचे सात झाले. मला बरं वाटलं.

"आमी पाण्याची लेव्हल ट्यूब लावतो ना सायब," गौतम बोलतच होता. "एक टोक हाललं की समदं बोंबलतंय. इथं बी तसंच दिसायलंय."

"हे बांधकाम नाही. तू बाहेर थांब."

सिस्टर हसल्या. मीही हसलो. तो बाहेर गेला.

दोन तासांनी भेटायच्या वेळेत तो परत आला. "सायब, राहुल्या सकाळी माजं बोट दाबायलता. आता दाबंना."

"झोपेचं औषध चालू आहे. आकडा बघ, सोळा. वीसच्या आत आहे."

"आकड्याचंच तर म्हणायलोय."

मी दुसऱ्या कॉटकडे वळलो.

अर्ध्या तासाने सिस्टरनी हाक मारली. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, टॉर्च मारला तरी आकसत नव्हती. तेव्हा मी वाकून डबी बघितली. कानाच्या पातळीत आणली. सोळाचे सत्तावीस झाले. पाण्याचे थेंबही दुपारपासूनच थांबले होते, कारण ते गोळा करणारं भांडंही त्याच स्टँडवर, तेवढंच वर राहिलं होतं. सूज उतरवायची औषधं दिली, सर्जनना बोलावलं, कवटीचं हाड काढलं. राहुल दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

डबी जागेवर असती तर तो वाचला असता का, माहीत नाही. इजा मोठी होती. गेली तीन वर्षं मी याच वाक्याला धरून आहे.

"सर, लेव्हलचं लिहायचं का?" सिस्टरनी विचारलं होतं.

"नको."

फाईलमध्ये मी लिहिलं, अचानक प्रकृती खालावली.

बॉडी ताब्यात घेताना गौतम माझ्याजवळ आला. "सायब, एकच इचारतो. त्या डबीमुळं तर न्हाई ना झालं?"

"नाही. सूजच फार होती."

त्याने श्वास सोडला. "मग ठीक हाय. मला वाटायलतं, मीच जरा मोठ्यानं बोलाया पायजे व्हतं."

मी नाही अशी मान हलवली.

कॉट हलली की आधी डबी बघायची, मग आकडा. अर्ध्या मिनिटाचं काम. नव्या डॉक्टरांना मी हे शिकवतो. 'एका हॉस्पिटलमध्ये असं झालं होतं' म्हणून ही केस सांगतो. कोणत्या, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

पेडगाव आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. मी गेलेलो नाही.